पाठीची बाजू

माझी मुलगी एका शनिवारी दुपारी वरणभात कालवता कालवता म्हणाली, "आई, या सीझनला मी डिअर हंटिंगला जाणारे," आणि पुढचा घास तोंडात घातला.

माझ्या हातातला डाव वरणातच राहिला. आम्ही अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटाला राहतो. आमच्या मागच्या अंगणात हरणं रोज पहाटे येतात आणि माझी जास्वंद ओरबाडून खातात. मी त्यांना रोज मराठीतून शिव्या घालते. पण शिव्या घालणं वेगळं आणि गोळ्या घालणं वेगळं.

"बंदूक घेऊन?" नवऱ्याने विचारलं.

"नाही बाबा, चमचा घेऊन," ती म्हणाली. "ऑफ कोर्स रायफल. लायसन्स झालंय, सेफ्टी कोर्स झालाय. रिलॅक्स."

म्हणजे सगळं उरकून मग आम्हाला सांगायला आली होती. उद्याच्या रविवारचं मटण फ्रीजमध्ये पडलेलं होतं, त्यामुळे जीवहत्येवर भाषण द्यायचीही सोय नव्हती. आणि खरं सांगते, मला हरणाचं काही वाटलं नाही. मला तिचं वाटलं. पंचवीस वर्षांची, पाच फूट एक इंच उंच, एकुलती एक. लोकांच्या ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांना व्यायाम शिकवते. इथून दोन तास उत्तरेला, डोंगरातल्या एका गावात तिने हॉस्पिटलची नोकरी घेतली तेव्हाच मी महिनाभर नीट झोपले नव्हते. आता ती त्या डोंगरात झाडाखाली एकटी बसणार होती, आणि त्या डोंगरात अस्वलं आहेत. ती धड परत यावी, याच्यापलीकडे माझ्या डोक्यात दुसरा विचार शिरेना. पुढे मी जे केलं ते सगळं त्याच एका भीतीपोटी केलं. म्हणून तर ते सांगायला मला आजही जड जातं.

तिला हे वेड लावलं होतं तिच्या हॉस्पिटलमधल्या एका साठीच्या नर्सने. आम्ही घरात तिला नर्सबाई म्हणतो. नर्सबाईंचं डोंगराच्या पायथ्याशी शेत आहे, शेताला लागून त्यांचंच जंगल आहे, आणि त्या शाळेत असल्यापासून तिथे शिकार करतात. त्यांच्यासोबत त्यांचा थोरला भाऊ राहतो.

"आई, मला कॅमो घ्यायचाय," मुलगी म्हणाली. "झाडापानांचे प्रिंट असतात ना, ते. एवढे पॅटर्न्स आहेत की मला काही कळतच नाही. यू हॅव टू कम. आय नीड युअर आइज."

इथे मात्र तिने बरोबर नस पकडली. माझ्या वडिलांचं नागपुरात मॅचिंग सेंटर होतं. साडीवर ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकराचं कापड, सगळं. लग्न होऊन अमेरिकेत येईपर्यंत मी सात वर्षं त्या गल्ल्यामागे उभी राहिले. बाईने साडी पिशवीतून अर्धी बाहेर काढली की मी मागे न बघता ताका ओढायचे आणि तो रंग लागायचाच. इथेही तीस वर्षं माझ्या तळघरात मशीन चालू आहे. आजूबाजूच्या तीन गावांतल्या मराठी, तेलुगू, गुजराती बायकांचे ब्लाउज मीच फिटिंगचे करते. कुणी मला विश्वास ठेवून रंग जुळवायला सांगितला तर मी विरघळते. नवरा बेडरूमचं दार लावून बसला आणि मी "कधी जायचं?" असं विचारून मोकळी झाले.

मॅचिंगचा पहिला नियम असा, की नमुना सोबत आणायचा. "चिंतामणी रंग" असं तोंडी सांगून कधी चिंतामणी मिळत नाही. म्हणून मी तिला बजावलं, तू जिथे बसणार आहेस तिथली पानं, फांदी, साल असं पिशवीत भरून आण. तिने आणलं. ओकची वाळलेली पानं, पाइनच्या सुया, राखाडी सालीचा तळहाताएवढा तुकडा. त्यात एक किडाही निघाला. पिशवी पर्समध्ये टाकून मी शिकारीच्या दुकानात शिरले आणि दारातच थबकले.

मी आजवर इतकं कापड बघितलंय, पण असं काही बघितलं नव्हतं. लग्नाच्या हॉलएवढं दुकान आणि त्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत जंगल टांगलेलं. हिरव्या पानांचं, पिवळ्या पानांचं, नुसत्या काटक्यांचं, बदकांच्या शिकारीसाठी पाणगवताचं, बर्फातलं पांढरं, आणि एक तर चौकोनी ठिपक्यांचं, मोठा करताना फाटलेल्या फोटोसारखं. बाळाची लाळेरी त्याच प्रिंटची. नवरीने गाउनखाली मांडीला बांधायचा पट्टा त्याच प्रिंटचा. बायकांचे आतले कपडेसुद्धा! ते नेमके कोणापासून लपवायचे होते, हे मला अजून समजलेलं नाही.

"आई, लोक बघतायत. हळू बोल."

"बघू देत. इथे कापड बघायला आलेत की मला?"

तिने उचललेलं पहिलं जॅकेट मी लगेच परत टांगलं. हिरवं होतं. नोव्हेंबरात त्या डोंगरात हिरवं काय असतं? तिला ते सुंदर वाटलं, कारण त्यावरची पानं अगदी खरी होती, शीर न् शीर दिसत होती. मी तिला म्हटलं, जवळून सगळंच सुंदर दिसतं, साडीचा काठसुद्धा दहा पावलांवरून बघायचा असतो. तिला दहा पावलं मागे उभी केली आणि जॅकेट धरलं. त्या बारीक नक्षीचा लांबून नुसता एक काळपट गोळा झाला होता. माणसाच्या आकाराचा गोळा. मग मी मोठ्या नक्षीची जॅकेटं काढत गेले, ज्यात फिकट आणि गडद रंगाचे मोठे तुकडे होते, आणि तिच्या लक्षात आलं की लांबून त्यात खांदा कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो हे कळेनासं होतं.

दुसरा नियम उजेडाचा. दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये रंग खोटं बोलतो. आमच्या दुकानात मी बायकांना ताका घेऊन रस्त्यावर उन्हात जायला सांगायचे. इथेही मी तीन जॅकेटं हातावर टाकून सरळ दाराबाहेर गेले, पिशवीतली पानं त्यांवर पसरली आणि बघायला लागले. आत अलार्म कोकलत होता हे मला नंतर कळलं.

एप्रन घातलेला एक म्हातारा विक्रेता धावत आला. माझ्या मुलीने तोंड ओंजळीत लपवलं होतं. पण म्हाताऱ्याने त्या सालीच्या तुकड्याकडे बघितलं, जॅकेटकडे बघितलं, आणि तोही माझ्याशेजारी वाकून बघायला लागला. शेवटी मी राखाडी-तपकिरी, मोठ्या सालींचं आणि मधे मधे वाळक्या पानांचं जॅकेट बाजूला काढलं तेव्हा तो म्हणाला, इतकी वर्षं मी हे विकतोय, झाड सोबत घेऊन आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय. मी फुगले. खोटं कशाला बोलू?

त्यानेच मग सांगितलं की कपडे सुगंधी साबणात धुवायचे नाहीत, आणि पांढरं-निळं चमकवणाऱ्या पावडरीत तर मुळीच नाहीत, कारण हरणाला निळं झकास दिसतं. आणि मुलीच्या हातात एक व्हेस्ट दिलं. बिनबाह्यांचं. भडक नारिंगी. रस्ता खणणाऱ्या कामगारांचं असतं तसलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"जॅकेटवरून घालायचं. लॉ आहे, आई. म्हणजे बाकीच्या हंटर्सना मी दिसते. डिअरला ऑरेंज दिसत नाही, त्यांना ते डल वाटतं."

मी त्या व्हेस्टकडे बघतच राहिले. जो रंग रस्त्यापलीकडून डोळ्यात भसकन घुसतो, तो म्हणे दिसत नाही! तास दीड तास खपून मी तिला झाडात विरघळवलं होतं आणि आता त्यावर हा भोंगा घालायचा? मला ते कायद्याचं वगैरे पटलंच नाही. इथे कॉफीच्या कपावरसुद्धा 'गरम आहे' असं लिहितात, त्यातलाच हा प्रकार असणार, असं मी ठरवून टाकलं.

घरी आल्यावर तिला सगळं घालायला लावलं. मागे कुंपणापलीकडे थोडी झाडी आहे, तिथे पाठवलं. तीस पावलं मोजून उभी राहा, असं सांगितलं आणि पाठमोरी झाले. वळून बघितलं तर ती नव्हती.

म्हणजे होती. पण मला दिसेना. मी चष्मा पुसला. एकेक झाड खालून वर बघत गेले. माझं पोर, ज्याचं तोंड मी पंचवीस वर्षं बघत आलेय, ते माझ्या स्वतःच्या अंगणामागे मला सापडत नव्हतं. "अगं हल ना जरा!" मी ओरडले, आणि डावीकडच्या ओकमधून एक हात वर आला. मी दचकून किंचाळलेच. ती खो खो हसत बाहेर आली. "आई, यू आर अ जीनियस!" तेव्हाच मला समजायला हवं होतं. पण मी जीनियस होते ना, मला कुठून समजणार?

कपडे तिला लांब होत होते. इथली सगळ्यात छोटी मापंही तिला ढगळ होतात, म्हणून ती ते सगळे माझ्याकडे ठेवून गेली. पँट चार इंच, बाह्या दोन इंच, आणि ते नारिंगी व्हेस्ट दोन्ही बाजूंनी आत घ्यायचं. शिवाय झाडाखाली ओल्यात बसू नये म्हणून मी एक गादी शिवायची ठरवली. त्याच प्रिंटचं कापड ऑनलाइन दोन वार मागवलं. गादी झाली आणि पाऊण वार उरलं.

उरलेलं कापड आणि माझ्यासारखी बाई एका खोलीत ठेवू नये. समोर ते नारिंगी व्हेस्ट टेबलावर पडलेलं होतं. आणि माझ्या डोक्यात अस्वल होतं. मी महिनाभर अस्वलांबद्दल वाचत होते. मुलगी बसणार झाडाला पाठ टेकून, समोर बंदूक, समोर डोळे. समोरून काही आलं तर ती बघेल. पण मागून? चढून जाताना, उतरताना, तिच्या पाठीवर हा नारिंगी दिवा पेटलेला असणार, आणि मागून येणाऱ्या जनावराला तो मैलभरावरून दिसणार. समोरची बाजू नारिंगी राहू दे, मी ठरवलं, कायद्याचं समाधान होईल. पाठ तर झाडालाच टेकलेली असते. तिथे कोण बघायला येतंय?

मी व्हेस्टची पूर्ण पाठ त्या कापडाने झाकली. नुसती झाकली नाही. जॅकेटच्या पाठीवरची साल जिथे संपते तिथूनच व्हेस्टवरची साल पुढे चालू होईल, असं प्रिंट जुळवलं. धुण्यात सुटू नये म्हणून चारही बाजूंनी दुहेरी टीप मारली. तीस वर्षांतलं माझं सर्वात देखणं काम होतं ते. आणि तिला सांगितलं नाही. म्हटलं, बघेल तेव्हा चकित होईल.

माझ्याकडे ब्लाउज ट्रायलला आलेल्या प्रत्येक बाईला मी एक वाक्य म्हणते, "वळा बघू, पाठीची बाजू दाखवा." पुढची बाजू बायका आरशात स्वतःच बघतात. मागची मी बघायची असते. ते व्हेस्ट मात्र मी घडी घालून, फक्त नारिंगी बाजू वर ठेवून, पिशवीत घातलं. तिची ट्रायल घेतलीच नाही.

शिकारीच्या आदल्या दिवशी मीही हट्टाने तिच्यासोबत नर्सबाईंच्या शेतावर गेले. नवऱ्याने ऑफिसचं निमित्त काढलं. नर्सबाई उंच, हाडापेराने मजबूत, कमी बोलणाऱ्या. त्यांचा भाऊ सत्तरीचा, डाव्या पायाने लंगडत चालायचा आणि दिवसभर कॉफी प्यायचा. सकाळचा बेत असा ठरला की नर्सबाई उजाडायच्या आत शेतापलीकडच्या उतारावर जाऊन बसतील. माझी मुलगी समोरचं कुरण ओलांडून जंगलाच्या कडेला, एका मोठ्या ओकखाली बसेल. दोघींनी उजाडायच्या आधी आपापल्या जागी पोचायचं, म्हणजे कोण कुठे आहे हे पक्कं राहतं.

नर्सबाई वेळेवर निघून गेल्या. मुलगी नाही निघाली. कारण मी थालीपीठ लावलं होतं. उपाशीपोटी चार तास थंडीत बसणार म्हणजे काय? मुलगी घड्याळ दाखवत होती, "आई, आय ॲम लेट," आणि मी दुसरं थालीपीठ वाढत होते. तिने उभ्या उभ्या खाल्लं, व्हेस्ट अंगात सरकवलं, चेन ओढली आणि बंदूक घेऊन निघाली तेव्हा चांगलं फटफटलं होतं.

मी मागच्या व्हरांड्यात उभी होते. शेजारी नर्सबाईंचे भाऊसाहेब कप घेऊन. कुरणावर धुकं होतं. पायऱ्या उतरून ती थोडी पुढे गेली, वळली आणि आमच्याकडे बघून हात केला. छाती नारिंगी, लखलखीत. त्या राखाडी पहाटेत तेवढा एकच रंग होता. मग ती जंगलाकडे तोंड करून चालायला लागली आणि नाहीशी झाली.

दिवा मालवावा तशी. कुरण होतं, धुकं होतं, पलीकडे जंगलाची कड होती. माझ्या डोळ्यांना सवय होती म्हणून मला काहीतरी तपकिरी हलताना जाणवत होतं. किती छान जुळलंय, हा माझा पहिला विचार होता. तो मी लपवणार नाही. अगदी पहिला विचार तोच होता.

शेजारी कप ठेवल्याचा आवाज झाला. "तिचं नारिंगी कुठे गेलं?" म्हाताऱ्याने इंग्रजीत विचारलं.

मी कौतुकाने सांगितलं. मी झाकलं, म्हटलं. फक्त पाठ. अस्वलाला दिसू नये म्हणून.

त्याने स्वतःच्या डाव्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मी तपकिरी कोट घातला होता. पाठमोरा होतो. ज्याने गोळी घातली तो माझा सख्खा मेहुणा होता." आणि तो लंगडत, पायरी चुकवत, अंगणातल्या ट्रककडे निघाला.

माझ्या पायाखालची जमीन सरकली, असं लिहायची पद्धत आहे. माझी सरकली नाही. मी तिच्यावर खिळले. पलीकडच्या उतारावर, जिथून जंगलाकडे जाणाऱ्याची पाठच दिसते, एक बाई बंदूक घेऊन बसली होती, तिच्या हिशेबाने माझी मुलगी केव्हाच ओकखाली जाऊन बसलेली होती, आणि कुरणाच्या कडेने काहीतरी तपकिरी हळूहळू चाललं होतं. ते मी शिवलं होतं. मला ओरडायचं होतं. दातखीळ बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

ट्रकचा भोंगा वाजला. म्हातारा दोन्ही हात ठेवून त्यावर ओणवा झाला होता. लांब, न थांबणारा भोंगा. झाडांवरून पाखरं उडाली. कुरणाच्या टोकाला नारिंगी रंग पेटला, म्हणजे ती वळली होती. तो नारिंगी तुकडा धावत मोठा होत होत माझ्याकडे आला.

"व्हॉट हॅपन्ड? आई! तू ठीक आहेस ना?" तिला वाटलं मलाच काही झालं.

मी तिचे खांदे धरले आणि तिला वळवलं. म्हाताऱ्याने सांगितलं. तिने व्हेस्ट काढलं, उलटं करून समोर धरलं आणि ती साल, ती पानं, ती दुहेरी टीप बघत राहिली. ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त ओठ दाबून धरले आणि तिची हनुवटी लहानपणी थरथरायची तशी थरथरली.

तेवढ्यात नर्सबाई कुरणातून चालत आल्या. बंदूक रिकामी करून खांद्याला लावलेली. भोंगा म्हणजे सगळ्यांनी थांबायचं, हे त्या घरात ठरलेलं होतं. त्यांनी व्हेस्ट बघितलं, आणि पायरीवर बसल्या. मग माझ्याकडे नाही, मुलीकडे बघून म्हणाल्या, "मी तुला बघितलं. दुर्बीण लावून बघत होते. बंदूक मांडीवर होती. मी फक्त ते वळायची वाट बघत होते."

ते. त्या 'ते' म्हणाल्या.

मी तिथेच खाली बसले. आयुष्यात खूप चुका केल्या, पण त्या चुकांपासून तोंड फिरवायला जागा होती. इथे नव्हती. मी "सॉरी" म्हटलं, इंग्रजीत, कुणाला ते मलाच माहीत नाही. नर्सबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचाही हात थंडगार होता.

"आई, कात्री आहे?" मुलीने विचारलं.

माझ्या पर्समध्ये कात्री नेहमी असते. आम्ही दोघी पायरीवर बसलो. तिने व्हेस्ट दोन्ही हातांनी ताणून धरलं. लहान असताना तळघरात माझ्याशेजारी स्टुलावर बसून ती असंच धरायची, मी उसवताना. मी टाके तोडायला लागले, कात्रीचं टोक नारिंगी कापडात शिरू नये म्हणून एकेक करून. आणि टीप निघता निघेना. सुटू नये म्हणून तर मारली होती. माझ्या कामाचा मला असा राग कधी आला नव्हता. एका कोपऱ्यावर मी चिडून कापड दातांनी ओढायला गेले तेव्हा तिने हळूच ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"हळू, आई. नो हरी. कुठे जायचं नाहीये आता."

उरलेले टाके तिने काढले. मी दोरे वेचले. पाठीच्या चारही कडांना सुईची भोकं राहिली होती, पण नारिंगी रंग शाबूत होता.

मला वाटलं, संपलं, आता ती बंदूक ठेवून माझ्यासोबत घरी येईल. ती उठली, व्हेस्ट घातलं, आणि म्हणाली, "मी जाते. प्लीज मला थांबवू नकोस." मला तिचा हात धरून ठेवायचा होता. पण त्या सकाळी मला कुठल्या तोंडाने काही सांगता आलं असतं? नर्सबाई आधी गेल्या, आपल्या जागी पोचल्याचा त्यांचा मेसेज आला, मग ही निघाली. चार पावलं गेल्यावर मी म्हटलं, "थांब. वळ बघू."

ती वळली. माझ्याकडे पाठ करून, हात जरा बाजूला घेऊन, ट्रायलला उभं राहतात तशी उभी राहिली. धुकं उठलं होतं. मी बघितलं. मग "जा" म्हटलं. कुरण संपेपर्यंत, झाडी सुरू झाल्यावरही, खोडांच्या मधून, ती ओकखाली बसेपर्यंत तो नारिंगी तुकडा मला दिसत होता. कशाशीही जुळत नव्हता. इतकं वाईट मॅचिंग मी जन्मात बघितलं नव्हतं, आणि मी त्यावरून एकदाही नजर हलवली नाही.

लोक विचारतात, हरीण मिळालं का? नाही मिळालं. दुपारी ती रिकाम्या हाताने आली आणि उरलेलं थालीपीठ थंडच खाल्लं. पुढच्या वर्षी मिळालं. ती हकीकत तिची आहे.

त्या दिवसाबद्दल आम्ही परत कधी बोललो नाही. नवऱ्याला मी सगळं सांगितलं तेव्हा तो तासभर अंगणात फेऱ्या मारत राहिला आणि मग आत येऊन त्याने माझ्यासाठी चहा केला. पण दर सीझनला, ती निघायच्या आधी, आमच्याकडे फोनवर व्हिडिओ कॉल लागतो. पहाट असते. मी काही विचारत नाही, तीही काही सांगत नाही. ती फोन कुठेतरी टेकवून ठेवते, चार पावलं मागे जाते आणि वळते. मी पाठ बघते. पुरेपूर बघते. मग ती जाते.